मधाची पट्टी आणि अस्वल

आमच्या वॉर्डात कापूस, पट्ट्या, सलाईन सगळं उघड्यावर असायचं. कुलपात एकच बाटली, मधाची. आणि किल्ली गिरजा सिस्टरांच्या कमरेला. "औषध कोणी चोरत नाई वं, गोड चोरते," त्या म्हणायच्या.

चिघळलेली जखम त्या आधी स्वच्छ धुवायच्या, मग डॉक्टरांना विचारून दवाखान्यासाठी आलेला निर्जंतुक मध पट्टीवर पसरायच्या. मी नवी नर्स. विचारलं, गोडावर तर जंतू जास्तच वाढतील ना? "अवं, मध जंतूच्या आंगातलं पाणीच ओढून घेते. तहानेनं मरते मेला!"

मारोतीभाऊ तलावात मासे धरायचे. माशाचा काटा घुसून त्यांचा पाय पिकला. जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, डॉक्टर म्हणाले. अंगठ्याशिवाय चिखलात पाय रोवून जाळं फेकायचं कसं? माणूस अगदी रडकुंडीला आला. "मंग मीठच लावा ना बाई, मासे तं मिठानंच टिकते."

"लावते. तू बोंबललास तं समदा वॉर्ड पळून जाईन!"

मधानं जखमेचा वास गेला, तळाशी ताजं लाल मांस धरू लागलं. घरी सोडलं, पट्टी बदलायला मात्र यायचं होतं. आले तेव्हा पट्टी गायब, जखमेत माती. पुढच्या खेपेलाही तेच. सिस्टर कडाडल्या, "काऊन काढतं पट्टी?"

मारोतीभाऊ खाली मान घालून म्हणाले, "बाई, रस्ता जंगलातून हाये. मधाच्या वासानं अस्वल आलं तं?"

सगळा वॉर्ड खो खो हसला, मीसुद्धा. सिस्टर हसल्या नाहीत. मोहफुलांच्या दिवसांत त्या वाटेवर अस्वल दिसतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नवी पट्टी बांधली, ड्युटी संपताच चपला घातल्या. "चाल सामोर, मी मागं हावो. अस्वल आलं तं पयले मले धरन. मी तुह्याहून गोड हावो!"

आणि ही बाई खरंच गेली की हो, पार त्यांच्या गावापर्यंत! जखम भरेपर्यंत दर खेपेला जातच राहिली. गुडघे दुखायचे, तोंड मात्र कधी वाकडं नाही. अंगठा वाचला.

यंदा सिस्टर निवृत्त झाल्या. भाषणं झाली, शाल झाली, आम्ही हौसेनं मधाची बाटली दिली. मी तर हमसून हमसून रडले. पिशवी उचलून त्या स्टँडकडे निघाल्या, तर फाटकात मारोतीभाऊ उभे, हातात काठी. त्यांनी पिशवीतली बाटली पाहिली.

"चाला बाई सामोर," ते म्हणाले, "मी मागं हावो."