मक्याच्या कणसाची चार वाक्यं

रविवारी आमच्या कॉलनीच्या मैदानावर लहान मुलांची वेशभूषा स्पर्धा होती. चार वर्षांचा एक मुलगा मक्याचं कणीस होऊन स्टेजवर आला. त्याला चार वाक्यं म्हणायची होती, पण एकही आठवेना. तेवढ्यात समोर आई दिसली, तसा तो खुशीत तिला हात हलवून दाखवू लागला. लोक हसले. आई मात्र दात आवळून वाक्यं पुटपुटत राहिली.

तो खाली आल्यावर ती म्हणाली, "दहा दिवस घोकून घेतलं ना तुझ्याकडून?"

"आई, तू टाटा का नाही केलास?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या अंगावरची कागदी पानं ओरबाडून काढली.

मला तिचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. याच मैदानावर माझी केतकी पोस्टमन झाली होती आणि माइक बघून रडली होती. त्यानंतर दिवसभर मी तिच्याशी बोलले नव्हते. मुलांसाठी म्हणून आपण हे कार्यक्रम करतो आणि स्वतःचाच निकाल लागणार असल्यासारखे पहिल्या रांगेत बसतो.

घरी येऊन केतकीला फोन केला. ती आता स्वतः एका मुलीची आई आहे.

"तू पोस्टमन झाली होतीस, आठवतं का गं?"

"पोस्टमन? नाही बाई," ती म्हणाली. "लहानपणी एकदा तू दिवसभर माझ्याशी बोलली नव्हतीस, तेवढं आठवतं. मी काय केलं होतं गं तेव्हा?"

दूध उतू जातंय असं सांगून मी फोन ठेवला.