मामांच्या अक्षरांची चाचणी

२ नोव्हेंबर २०२५, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. नवापूरच्या वाळूत एक नवी बोट उभी होती आणि तिला अजून नाव नव्हते. मोजपट्टी मी घरी विसरले होते, त्यामुळे अंतर पावलांत मोजायचे ठरले.

माझे मामा आयुष्यभर बोटींवर नावे रंगवत आले. त्यांचा ‘ळ’ गाल फुगवून बसतो, वेलांटी माशाच्या शेपटीसारखी वळते. यंदा त्यांचा खांदा उचलेना. म्हणून बोईसरच्या प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून मी पाच महिने त्यांची अक्षरे संगणकावर उतरवली आणि त्यांचा फॉन्ट केला. आता स्टिकर कापून कोणत्याही बोटीवर मामांचे अक्षर लावता येणार होते. फक्त या नव्या बोटीच्या मालकांना ते पटायला हवे होते.

“लांबून वाचता नाय आलं, तर बाजारातलं तयार अक्षर लावीन,” त्यांनी बजावले होते. म्हणणे रास्त होते. बोट परतताना किनाऱ्यावरच्या बायका नाव वाचूनच टोपल्या घेऊन निघतात.

मी तीन पट्ट्या छापून आणल्या होत्या: एक तयार अक्षराची, एक माझ्या फॉन्टची आणि केवळ तुलनेसाठी मामांच्या अक्षरांची जशीच्या तशी प्रत. प्रत्येकीवर वेगळ्या माशाचे नाव होते. मामींनी लांबून चालत यायचे, वाचता आले की थांबायचे; तिथून बोटीपर्यंतची पावले मी मोजायची.

तयार अक्षर चौऱ्याऐंशी पावलांवरून वाचले गेले. माझा फॉन्ट एकाहत्तर.

मामा वाळूत बसून हसत होते. “बाय, तू माझ्या अक्षरांना शाळेत घातलंस. सगली एका रांगेत.”

त्यांची शिरोरेषा मधेच झुकते, मात्रा अवाजवी उंच जातात. हे हाताचे दोष समजून मी सारे सरळ आणि समान करून टाकले होते.

“बोट डोलते, पानी आडवं येते,” मामा म्हणाले. “खालचं झाकलं तरी वरच्यावरून नाव समजलं पायजे.”

पाच महिने त्यांच्याशेजारी बसून ‘हे असे का?’ हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

तिसरी पट्टी लावली. मामी इतक्या लवकर थांबल्या की मला वाटले, दमल्या.

“सुरमई,” त्यांनी तिथूनच हाक दिली. “लिवलीस तर आनायची पन होतीस.”

माझ्याआधी मालकच पावले मोजत निघाले. एकशे बारा. “हेच लावा. दोनी बाजूंना.”

त्या आठवड्यात मी फॉन्टमधली प्रत्येक वाकडी रेघ परत जागेवर नेली. मामा शेजारी बसून हुकूम सोडत होते आणि मी या वेळी कारणे विचारत होते. पालघरच्या एका पापडवाल्या बाईंनी तोवर लेबलासाठी तेच अक्षर मागितले.

पुढच्या रविवारी बोटीवर नाव लागले. मामींना ते ठाऊक होते, म्हणून वाचायला केळव्याहून मावशीला बोलावले. नोंद: एकशे सव्वीस पावले.