कोणती हाव?

आदरणीय शांतवन सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठी शिकलेली माणसं लिहीत आहेत. त्यांत माझ्यासारख्या, कुठलंच शिक्षण धड पुरं न केलेल्या माणसानं लिहावं की नाही, असा प्रश्न होताच. पण सरांचं नाव निघालं की मला गप्प बसवत नाही.

मी भोकरहून लातूरला डॉक्टर व्हायला आलो होतो. म्हणजे घरच्यांनी पाठवलं होतं. आलो तो अर्धापूरच्या केळीच्या ट्रकमधून. त्या ड्रायव्हरची गंमत सांगण्यासारखी आहे, पण ती असो. मेडिकल प्रवेशाच्या क्लासच्या पहिल्याच तासाला जीवशास्त्र शिकवणाऱ्या शांतवन सरांनी विचारलं, "कळलं का?" सगळी पोरं एका सुरात ओरडली, "हाव!" सरांनी नेमकं मलाच उभं केलं. "काय कळलं, सांगा बाबा." मी वही चाळायला लागलो.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "पुण्याकडं हाव म्हणजे लोभ. आपल्याकडं हाव म्हणजे होय. म्हणून तोंडातून काढायच्या आधी बघावं, कोणती हाव हाय ती. कळलं न्हाई तर न्हाई म्हणायचं. त्याला काय लाज?"

तास सुरू व्हायच्या आधी सर अंगणात स्कूटरवर डोळे मिटून बसत. पोरं म्हणायची, सर डुलकी घेऊन राहिले. ती त्यांची प्रार्थना होती, हे पुष्कळ दिवसांनी कळलं. धर्माबद्दल ते वर्गात अवाक्षर काढत नसत. एकदा मीच खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "रविवारी चर्चमध्ये एक आन सोमवारी फळ्यापुढं दुसरंच बोलायचं, तर रविवार कशाला पाळायचा?"

लातूरकडच्या त्र्याण्णवच्या भूकंपाची गोष्ट रूथकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी सांगितली. सर तेव्हा तरुण होते. चर्चच्या मंडळींबरोबर ते गावोगाव छपराचे पत्रे वाटायला जात. एका म्हातारीनं त्यांना विचारलं, "लेकरा, आधी तुमच्या देवाला हात जोडावं लागतंय का?"

सर म्हणाले, "न्हाई मावशी. पत्रे तुमचेच. हात ज्याला जोडताव, त्यालाच जोडा."

बरोबरचे एक गृहस्थ कुरकुरले, "शांतवन, म्हातारी हाव म्हणाली असती की!"

"म्हणाली असती," सर म्हणाले. "पण हादरलेल्या माणसाकडून हाव घेऊ नये."

हे वाक्य मला पुढं क्लासच्या पालकसभेत आठवलं. (त्या दिवशी मी हजर होतो, कारण नाश्ता होता.) खुर्च्यांवर बसलेले आईबाप भूकंपातून उठून आल्यासारखेच दिसत होते. पोरगं डॉक्टर होईल का, याच धाकात. व्यासपीठामागं मोठा फ्लेक्स होता आणि त्यावर मुखेडच्या सनाचा फोटो. सना टेलरकाम करणाऱ्या खलीलभाईंची मुलगी. तिला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. पण ती आमच्या क्लासला एक दिवसही आलेली नव्हती. घरीच अभ्यास करायची आणि अडलं की रविवारी एसटीनं सरांच्या घरी यायची.

क्लासच्या संचालकसाहेबांनी माईक सरांपुढं धरला. "सांगा सर पालकांना. सना आपलीच ना?"

काकू पहिल्या रांगेत होत्या. घरात दुसरी कमाई नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"हाव," सर म्हणाले. "आपलीच."

टाळ्या पडल्या. त्या ओसरल्यावर सर पुढं म्हणाले,

"आपल्या मराठवाड्याची पोरगी हाय. आपल्या क्लासची न्हाई."

संचालकसाहेब कुजबुजले, पण माईक चालूच होता. "अहो सर, नुसतं हाव म्हणायचं होतं!"

"साहेब, ती तुमची हाव हाय."

सभागृह हसून लोटपोट झालं. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात सरांचं नाव नव्हतं.

तरी सर स्कूटर काढून, मला मागं बसवून, साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "न्हाई म्हणलो ते बरोबरच होतं. पण चारचौघांत तुमचं हसू केलं, ते चुकलं. माफी मागायला आलोय." साहेबांनी चहा पाजला, नोकरी परत दिली नाही. बाहेर आल्यावर मी चिडलो, तर मलाच म्हणाले, "चहा चांगला होता की."

तेव्हापासून सर घराच्या ओसरीवर शिकवतात. काकूंनी शिवणयंत्र घेतलं, पहिलं वर्ष ओढगस्तीत गेलं. डॉक्टर होणं माझ्या हातून झालं नाही. क्लास सुटला, मी नांदेड-लातूर करत भटकत राहिलो. पण त्या ओसरीवर मला कधी कुणी "सध्या काय करतोस?" असं विचारलं नाही. "जेवलास का?" एवढंच. साठीच्या सत्काराला साहेब आले तर त्यांना पुढच्या रांगेत बसवा, असं सरांनी समितीला बजावलं आहे.

सना आता डॉक्टर आहे. मागच्या महिन्यात तिनं सरांची साखर तपासली आणि फर्मान काढलं, "सर, आजपासून गोड बंद. हाव म्हणा."

सरांनी बोटांवर सण मोजले. मग म्हणाले, "नाताळाला काकूंच्या हातची एक करंजी?"

"सर!"

"आधी विचारून घेतो, बाई. मागनं खोटं नको पडायला."

"बरं, एक. दोन न्हाई."

"मग हाव," सर म्हणाले.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. खूप खूप नाताळ त्यांच्या ओसरीवर येवोत. आणि दर नाताळाला एक करंजी. दोन न्हाई.