भागीरथाबाईंचा उजवा कान

रिसालीच्या विहारात भीमगीतांचा सराव असला की भागीरथाबाई बायांच्या मधोमध बसायच्या. आवाज असा खणखणीत, की ढोलकी वाजवणाऱ्या सुजातालाही हात आवरता घ्यावा लागे. त्याच बाई हिवाळ्यापासून दाराशी एकट्या बसू लागल्या. उजव्या कानातून पाणी यायचं, त्याला घाण वास. ठणका वेगळाच. फार वर्षांपूर्वी त्याच बाजूची, कानाखालची गाठ काढून तिथं किरणांचा शेक दिला होता. गाठच परतली, असं धरून त्या कोणाला बोलल्या नाहीत. हेअरपिनला कापूस गुंडाळून गुपचूप कान कोरत राहिल्या.

एकदा सुजाता शेजारी येऊन टेकली. भागीरथाबाई सरकल्या, तीही सरकली.

"दूर बस वं, वास येते."

"मले का आज समजला वास? उद्या दवाखान्यात चाल, मावशी."

रायपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून कान पाहिला, स्कॅन काढला, कानातला कणभर तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "गाठ नाही. शेकामुळं कानाच्या नळीतलं हाड मेलंय. कधी कधी असं खूप वर्षांनंतर होतं."

"मंग कान कापता का आता?"

"छे! सुटा झालेला तुकडा काढते. पुढं येत राहा, मी साफ करत जाईन. औषधाचे थेंब टाका, पाणी जाऊ देऊ नका, पिन तर नकोच. आत पसरलं तरच ऑपरेशन."

बाहेर येऊन दोघी इतक्या हसल्या, की वॉचमन बघत राहिला.

घरातल्या सगळ्या पिना नवऱ्यानं, नरेशरावांनी, जप्त केल्या. अंघोळीआधी व्हॅसलीन लावलेला कापूसही तेच कानात बसवू लागले.

"प्लांटमधी जनमभर मशीनले ग्रीस लावलं," भागीरथाबाई म्हणायच्या, "आता माह्या कानाले लावा!"

हळूहळू वास गेला, ठणका बसला. उजव्या कानानं ऐकू कमी यायचं, तेवढं राहिलं.

भीमजयंतीला सेक्टर सहाच्या मंडपात त्या पुन्हा मधोमध बसल्या. गाणं संपलं, बाया थांबल्या. भागीरथाबाईंना कळलंच नाही. डोळे मिटून त्यांनी एकटीनंच पुन्हा धृपद उचललं. मग सुजातानं ढोलकीवर थाप दिली, आणि सगळी माणसं त्यांच्यामागं गाऊ लागली.