जाहिरातीत न आलेला अंतरा

आई मंगळवारी गेली. पंधरा दिवसांनी टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीत तिचं आवडतं गाणं लागलं. मुखड्याच्या दोन ओळी आणि त्यावर फेसच फेस.

"बंद कर रे ते," ताई म्हणाली. "वाटोळं केलं गाण्याचं."

मला सेलूच्या घरातली एक दुपार आठवली. जिनिंगमधून आणलेला, सरकी काढलेला कापूस आईच्या मांडीवर होता आणि खोलीभर त्याचा उबट वास होता. ती देवासाठी वाती वळत होती. रेडिओवर हेच गाणं लागलं. मुखडा संपताच मी खेळायला उठलो, तर तिनं मनगट धरलं.

"मुखडा समद्यांनाच येतो. गाणं अंतऱ्यात हाय. बस की!"

"लय मोठी गवई लागून गेली," बाबा हसले.

तिनं हातातली वात खाली ठेवली आणि रेडिओबरोबर सबंध अंतरा म्हटला. तेव्हा मला तो जाच वाटला होता.

मी टीव्ही बंद केला नाही. आवाज तेवढा बारीक केला आणि जाहिरात जिथं थांबली तिथून अंतरा म्हणू लागलो. सूर नीट लागेना, तरी थांबलो नाही. दुसऱ्या ओळीला ताईनंही साथ धरली.

आता ती जाहिरात रोज लागते. अंतरा आम्हा दोघांना पाठ आहे.