आमदारबाईंचा खांदा

आमच्या आमदारबाई गाडीतून उतरल्या की आधी पदर खोचतात. सत्काराची शाल मिळाली की समोरच्या म्हातारीला पांघरतात. एकदा मी त्यांना तोंडावर सांगितलं, "ताई, मी तुमाला मत दिलं न्हाई."

"बरं. मग अडलंय काय, ते सांगा."

मी तसाच वळून घरी गेलो.

पुढं माझी बायको वारली, तवा वाटेतल्या शेतमालकानं मसणवाट काट्या टाकून अडवली. कळताच बाई आल्या.

तो हसला, "ताई, बायका मसणात येत न्हाईत."

"अडवणारे येतात, मग मी का न्हाई?" म्हणत त्यांनी काट्या हातानं ओढल्या आन् तिरडीला खांदा दिला.

बाईनं खांदा दिला म्हणून गाव अजून नावं ठेवतं. ठेवू द्या. माझी बायको सरळ वाटेनं गेली.