दोन लॉटचं सूत

माणसानं जळावं तरी कुणावर? शेजाऱ्यावर जळावं, साडूवर जळावं, ऑफिसात नव्यानं आलेल्या पोरावर जळावं. बाळकृष्ण कबनूरे आपल्या बायकोवर जळत होता. तेही अधूनमधून नाही, चांगलं रोजच्या रोज, आमटीभात कालवताना आणि अंगाला साबण लावतानासुद्धा.

गडी मूळचा इचलकरंजीचा. मागांच्या खडखडाटात जन्मला, त्यातच वाढला. डिप्लोमा करून चोवीस वर्षांपूर्वी चंदीगडला आला आणि डेराबस्सीच्या पुढं एका कापड गिरणीत चिकटला. आता तिथं विणकाम खात्याचा मास्टर आहे. मनीमाजऱ्यात बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड. गिरणीत त्याला कबनूरे कुणी म्हणत नाही. 'मास्टरजी!' बस्स. आणि मास्टरजींचा एक मान ठरलेला. पाळी बदलताना कुणीतरी जॉबर, म्हणजे मागांचा मुकादम, कापडाची चिंधी आणून त्यांच्या हातात पाठीमागून देणार. मास्टरजी न बघता ती अंगठ्यात न् बोटात चोळणार आणि उभ्या-आडव्या सुताचा नंबर, म्हणजे बारीकपणा, सांगणार, "ताणा चाळीस नंबर, बाणा तीस." मग भिंग लावून, धागे मोजून खात्री करायची. चोवीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. पंजाबी पोरं शिट्ट्या मारायची, "वाह जी, मास्टरजी!" आणि हा मिशीतल्या मिशीत हसत, काही विशेष नाही असा आव आणत पुढं चालायचा.

बायको वासंती. तीही तिकडचीच, आणि टेक्स्टाइलची इंजिनीअर. याचा डिप्लोमा तर तिची डिग्री, तीही कॉलेजात पहिली येऊन. लग्न झालं, चंदीगडला आली, क्षितिजा झाली, आणि डिग्री गुंडाळून गल्लीतल्या पोरांना गणित शिकवायला लागली. एकोणीस-वीस वर्षं हे असंच चाललं. बाळकृष्ण सुखात होता. घरात डिग्री आहे हे तो सोयीनं विसरूनच गेला होता म्हणा ना.

तर गेल्या वर्षी पंचेचाळिसाव्या वर्षी वासंतीनं जाहीर केलं, "मी एम.टेक. करतेय. टेक्स्टाइल इंजिनीअरिंग आणि मॅनेजमेंट. दोन वर्षांचं आहे."

"कर की," बाळकृष्ण म्हणाला. त्याला वाटलं, प्रवेश कुठला मिळतोय!

मिळाला. वर शिष्यवृत्ती मिळाली. आता आली का पंचाईत!

पहिले दोन महिने त्यानं थट्टेवारी नेलं. "काय शिकवतात गं तुम्हाला? कापूस पांढरा असतो हे?" ती शांतपणे सांगायची. तंतूच्या आत काय असतं, कापूस कच्चा का पिकलेला हे कसं ओळखायचं, धाग्याची ताकद कशी मोजायची, ते मोजताना खोलीतली हवा किती दमट हवी. मग मॅनेजमेंटचा अर्धा भाग: कच्चा माल कधी मागवायचा, यंत्रं कुठं मांडायची, दर्जाचा आलेख कसा ठेवायचा, रंगखात्याचं घाण पाणी कसं शुद्ध करायचं. बुलेटप्रूफ जाकिटाचं कापड न् ऑपरेशनला वापरायचा धागा हा आणखी वेगळाच विषय. बाळकृष्ण ऐकायचा आणि आणखीच जळायचा. अहो, चोवीस वर्षं ज्या गोष्टी तो हातानं करत आला, त्यांना नावं होती! पुस्तकं होती! आणि ती सगळी नावं बायकोला पाठ!

एकदा जेवताना तिनं विचारलं, "अहो, एका विणकराला तुम्ही किती माग देता?"

"आठ."

"आठच का?"

"माझ्या आधीच्या मास्टरनं आठ दिले होते म्हणून! आठच का म्हणे."

"नाही, आमच्यात याचं गणित आहे. दोन माग एकदम बंद पडले की एक वाट बघत उभा राहतो ना, तो वाया गेलेला वेळ धरायचा. तुमचा तो बारीक ताणा सारखा तुटतो म्हणता, तर त्याला सहाच बसतात बघा." आणि वहीत चार ओळींत तिनं दाखवूनही दिलं.

बाळकृष्णानं वही बाजूला सारली. "मागावर उभं राहून बघ एकदा, मग गणितं सांग." पण दुसऱ्या दिवशी गुपचूप त्यानं बारीक ताण्याच्या ओळीत सहा-सहा माग वाटून दिले. महिन्याअखेर माल वाढला. गरेवाल साहेब, म्हणजे गिरणीचे जनरल मॅनेजर, सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्टरजी, कमाल कर दी!" बाळकृष्णानं शाबासकी घेतली, घरी चकार शब्द काढला नाही. आणि कुणाची शाबासकी घेतली हे माहीत असल्यामुळं रात्रभर नुसता चरफडला. हे तर आणखीच वाईट! चोरायचं आणि वर जळायचं!

जानेवारीत मराठी मंडळाचं हळदीकुंकू झालं. मंडळात बहुतेक फौजेतली कुटुंबं; एका विंग कमांडरची बायको, मैत्रेयी वहिनी, याच्याकडं बघून कौतुकानं म्हणाल्या, "अय्या, तुम्ही वासंतीताईंचे मिस्टर ना?" झालं. मिस्टर! चोवीस वर्षांचा मास्टरजी एका वाक्यात कुणाचातरी मिस्टर झाला. तिळगूळ तोंडात तसाच धरून तो घरी आला.

आणि मग तिच्या प्रबंधाचा विषय ठरला. रंगवलेल्या कापडावर मधूनमधून फिके-गडद आडवे पट्टे उमटतात, त्याचं कारण शोधायचं. प्रयोगासाठी गिरणीही तिनं याचीच धरली. गरेवाल साहेबांनी हसत हसत परवानगी दिली. "मॅडम की मदद कर देना, मास्टरजी."

वासंतीचा अंदाज असा: पट्टे पडतात ते बाण्यात दोन लॉटचं सूत मिसळल्यामुळं. दोन्ही सुतांचा नंबर तोच, पण कापूस वेगवेगळ्या वेळचा, म्हणून रंग पिण्याची तऱ्हा वेगळी. कोऱ्या कापडात काही दिसत नाही, रंगवल्यावर उघडं पडतं. तिनं हे सहज सांगितलं. बाळकृष्णाला मात्र ते सहज घेता येईना. कारण उरलेसुरले कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली शंकूसारखी रिळं, नव्या लॉटमध्ये घालून संपवायची पद्धत गिरणीत कुणी पाडली होती? मास्टरजींनी. बोटांत चोळून बघायचे आणि म्हणायचे, "नंबर तोच आहे, चढवा!" बोटांना नंबर कळत होता. लॉट कळत नव्हता. आणि हे आता पुस्तकात छापून येणार, तेही बायकोच्या!

भीती होती का? होती. पण खरं कारण भीती नव्हे, उगाच त्याला मोठं करू नका. ती बरोबर ठरणार, पुन्हा एकदा ती बरोबर ठरणार, हे त्याला सोसवत नव्हतं.

तिला दोन कापडं विणून हवी होती, एक निव्वळ एका लॉटचं आणि एक मुद्दाम दोन लॉट मिसळलेलं. दोन्ही एकाच भांड्यात रंगवायची आणि पट्टे मोजायचे. पहिल्या कापडासाठी एकाच लॉटचे बारा कोन काढून द्यायचं काम बाळकृष्णाकडं. त्यानं आठ खरे काढले. चार काढले जुन्या उरलेल्या ढिगातून, त्यांच्या पोटातल्या लॉटच्या चिठ्ठ्या सोलल्या आणि नव्या चिकटवल्या. दुपारच्या जेवणाच्या सुटीत, दहा मिनिटांत.

व्हायचं तेच झालं. दोन्ही कापडांवर पट्टे आले. म्हणजे लॉटचा काही संबंध नाही, असाच त्याचा अर्थ. तिच्या गाइडनं सांगितलं, एक तर अंदाज चुकला, नाहीतर तुम्ही चुकलात. प्रबंध जमा करायला तीन आठवडे उरले होते.

चारेक दिवसांनी संध्याकाळी वासंती कॉलेजातून आली, चपला काढल्या न काढल्या, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी सोडतेय. नाही जमत. वय झालं आता माझं, सगळं विसरले असेन." आणि त्याच्याकडं बघत राहिली.

बाळकृष्णाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो अगदी मायेनं म्हणाला, "अगं, कशाला जिवाला त्रास? तुझ्या शिकवण्या काय वाईट आहेत?" मग उठला, स्वयंपाकघरात गेला, डबे उघडून साखर शोधली, आलं किसलं आणि चहा करून तिच्या हातात दिला. तिनं तो पुरता प्यायला.

पुढचे आठ-दहा दिवस बाळकृष्णाला कसं मोकळं मोकळं वाटत होतं. गिरणीत चिंध्या चोळत होता, शिट्ट्या घेत होता. घरी आला की टीव्हीचा आवाज चढवत होता. वासंती सकाळी बाहेर पडायची, उशिरा यायची. बंद करायचं म्हणजे कागदपत्रांचं काही असेल, असं त्यानं धरून चाललं होतं. तिनं जेवताना काही विचारणं मात्र बंद केलं. माग किती, ताणा का तुटतो, काहीच नाही. आता पोळी हवी का, एवढाच प्रश्न.

एका सकाळी तो आरशासमोर दाढी करताना गुणगुणत होता. क्षितिजा बारावीत आहे, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत देते. ती दारात उभी राहून म्हणाली, "पापा, मम्मी ने पढ़ाई छोड़ दी और आप गा रहे हो?"

"मी कुठं गातोय?"

"गा तो रहे थे." आणि बॅग घेऊन निघून गेली.

साबण गालावर वाळला. पोरीनं काही आरोप केला नव्हता, जे दिसलं ते सांगितलं होतं. त्या दिवशी गिरणीत त्याला पहिल्यांदाच चिंधी हातात घ्यावीशी वाटली नाही. जॉबरनं पाठीमागून दिली तर "जाने दे यार" म्हणून पुढं गेला. ते चार कोन दिवसभर डोळ्यांपुढं. आणि आपण दाढी करताना गात होतो हे आठवलं की कानशिलं तापत होती.

शनिवारी वासंती म्हणाली, "लायब्ररीची पुस्तकं परत करायचीत. जड आहेत, स्कूटरवर सोडता का?"

मनीमाजऱ्यातून निघून चौकांमागून चौक पार करत दोघं कॉलेजला गेले. वाटेत तो सात वेळा बोलायचं ठरवून गप्प बसला. फाटकापाशी स्कूटर लावली तर तिच्या वर्गातली, तिशीच्या आतली पाच-सहा पोरं-पोरी धावत आली. "वासंती मॅम! मॅम, कैसा रहा?" हिमानी नावाची एक पोरगी तर तिच्या गळ्यातच पडली. आणि काय सांगायचं, अशा वेळीसुद्धा बाळकृष्णाला जळायला सवड मिळाली! आपल्या गळ्यात कोण पडलं होतं कधी? पोरं गेली. तो पुस्तकांची पिशवी छातीशी धरून उभा राहिला.

"परत करू नकोस ही," तो म्हणाला.

"का?"

"तुझा अंदाज बरोबर होता. ते कोन... बारातले चार जुन्या लॉटचे होते. चिठ्ठ्या मी बदलल्या." एवढं बोलायला त्याला जन्म गेल्यासारखं झालं. "मी गाइडला भेटतो. गरेवाल साहेबांना पण सांगतो. तू सोडू नकोस."

वासंतीनं ओढणी सारखी केली. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"पट्टे आले त्याच आठवड्यात त्या बारा कोनांवर उरलेलं सूत लॅबमध्ये जांभळ्या, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरलं. आठ कोन निळसर दिसले, चार पिवळट. एक लॉट असता तर सगळे सारखे दिसले असते. दुसऱ्या सत्रातच शिकवतात आम्हाला. आणि चिठ्ठ्या कुणी बदलल्या हे कळायला दिवा लागत नव्हता. मग सूत पुरवणाऱ्या लुधियानाच्या सूतगिरणीला फोन करून थेट बारा कोन मागवले, इथं कॉलेजच्या मागावर विणले, रंगवले. एक पट्टा नाही आला. प्रबंध काल जमा केला. पुस्तकं परत करतेय, कारण काम संपलं."

बाळकृष्णानं छातीशी धरलेली पिशवी खाली घेतली. तरी विचारलंच त्यानं. "माझं नाव घातलंस?"

"नाही. 'उरलेले कोन संपवण्याची पद्धत' एवढंच लिहिलंय."

"मग... सोडतेय म्हणाली होतीस ते?"

"तेव्हा दिवा बघूनच आले होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. "म्हटलं, आपण हरलो म्हटल्यावर तरी तुम्ही खरं सांगाल. बघत होते तुमच्याकडं. तुम्ही उठलात आणि चहा केलात. एकवीस वर्षांत तुमच्या हातचा पहिला चहा मला मी हरले म्हणून मिळाला. आलंबिलं घालून. चांगला झाला होता हो."

तिनं त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि ती पायऱ्या चढून आत गेली.